वजन कमी करण्याचं ऑपरेशन: विम्याची मंजुरी आणि नंतरचे महिने (खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी भुसावळची. नाशिकला माझं स्लीव्हचं, म्हणजे जठर लहान करण्याचं, ऑपरेशन झालं त्याला दीड वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून चाळीसगाव, शिरपूर, शहादा, पार नवापूरहून फोन येतात. कुणाची बहीण, कुणाच्या मिस्टरांचा साडू. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. उपचाराचं तुमचे सर्जन सांगतील तेच खरं, पैशाचं तुमच्या पॉलिसीत छापलंय तेच खरं. पण या दोघांच्या मधली जी धावपळ असते ती मी केलेली आहे.

विमा कंपन्या हे ऑपरेशन देतात का? आमचा एजंट म्हणतो, "ते सौंदर्याचं असतं, मिळत नाही."

मिळतं, पण अटींवर. आयआरडीएआय या सरकारी विमा नियामक संस्थेने आरोग्य विम्यातल्या वगळण्यांचा मजकूर सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखा केला आहे. त्यात लठ्ठपणाचा कोड ०६ आहे. पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि "ओबेसिटी" शब्द शोधा, लगेच सापडेल. त्यात लिहिलंय की पुढच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर खर्च मिळणार नाही: ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्याने हवं, ते वैद्यकीय नियमावलीला धरून हवं, वय १८ पूर्ण हवं, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त हवा. बीएमआय ३५ ते ४० च्या मध्ये असेल तर सोबत चारांपैकी एक गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं), किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. शिवाय आधी साधे उपाय करून ते फसलेले असावेत.

म्हणजे या अटींत बसणाऱ्या माणसाला "कॉस्मेटिक" म्हणून परत पाठवता येत नाही. एजंटला हा परिच्छेद दाखवा. नोकरीच्या ठिकाणचा गट विमा असेल तर त्याच्या अटी वेगळ्या ठरलेल्या असू शकतात. तो मजकूर एचआरकडून मागून घ्या.

बीएमआय कसा काढायचा?

वजन किलोत, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. गणित सोपं आहे, घोळ मोजमापात होतो. माझाच झाला.

माझं वजन ८९ किलो, उंची १५८ सेंटीमीटर. बीएमआय ३५.६५. पण पहिल्या ओपीडीत गर्दी होती, भिंतीवर चिकटवलेल्या टेपला टेकून मी सँडल घालूनच उभी राहिले आणि केसपेपरवर १६० लिहिलं गेलं. त्या दोन सेंटीमीटरने बीएमआय ३४.७७ झाला. विमा कंपनीने तोच आकडा उचलला आणि दुसऱ्या दिवशी नकार आला. मला मधुमेह होता, इन्सुलिन चालू होतं, सगळं खरं होतं, आणि अडलं ते सँडलच्या टाचेवर. मी त्या रात्री रडले हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्यांदा सिस्टरांनी अनवाणी उभं केलं, टाचा भिंतीला, नजर समोर, आणि डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आडवं धरून पेन्सिलीची खूण केली. १५८. मग डॉक्टरांनी दुरुस्ती करून सही-शिक्का, तारीख घातली. तुम्ही पहिल्याच दिवशी चपला काढा, आणि केसपेपर हातात आला की उंची-वजन वाचल्याशिवाय खोलीच्या बाहेर पडू नका. सगळ्या कागदांवर एकच उंची हवी.

डॉक्टर म्हणतात "तुम्ही ऑपरेशनला बसता", विमा कंपनी म्हणते "बसत नाही". खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. दोघांच्या रेषा वेगळ्या आहेत. आपल्याकडच्या माणसाला कमी वजनातही मधुमेह गाठतो, पोटाभोवती चरबी साचते. म्हणून भारतातले सर्जन बरीच वर्षं ३७.५, आणि सोबत आजार असेल तर ३२.५, ही मर्यादा धरत आले आहेत. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा आणखी खाली आणली, आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासून विचार करावा असं सुचवलं. विम्याचा मजकूर मात्र ४० आणि ३५ वरच आहे.

त्यामुळे ३३ बीएमआय असलेल्या बाईला डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं तर ते बरोबर असू शकतं आणि तरी विमा मिळणार नाही. हे आधी कळलं तर माणूस पैशाची सोय बघून ठरवतो. ॲडमिट झाल्यावर कळलं की घरात भांडणं होतात.

मला बीपी आहे, गुडघे गेलेत, पीसीओडी आहे. चालेल?

बीएमआय ४० च्या वर असेल तर आजाराची अटच नाही. ३५ ते ४० मध्ये असाल तर विम्याच्या यादीत वरचे चारच आजार आहेत, बीपी आणि गुडघे त्यात नाहीत. घोरत असाल, दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल, तर झोपेची तपासणी नक्की करा. कितीतरी लोकांना तीव्र स्लीप ॲप्निया असतो आणि घरचे "घोरतो मेला" म्हणून सोडून देतात. ही तपासणी विम्यापेक्षाही भूल देण्याच्या दृष्टीने गरजेची आहे.

"साधे उपाय फसले" हे सिद्ध कसं करायचं?

इथे माझी वही कामी आली. मुलाची शंभर पानी वही, अर्धी गणिताची, उरलेली कोरी. मागच्या बाजूने मी दर सोमवारी सकाळचं वजन, उपाशीपोटीची साखर आणि त्या आठवड्यात काय केलं ते लिहीत होते. चालले किती, भात बंद केला का, आहारतज्ज्ञांनी काय बदललं. आठ महिन्यांची पानं होती. नुसती वही म्हणजे पुरावा नव्हे, पण तिच्यामुळे कोणत्या तारखेला कोणत्या डॉक्टरांकडे गेले ते कळलं आणि मग त्या त्या तारखेची चिठ्ठी शोधता आली.

कंपनीला दाखवायचं ते हे: फिजिशियनच्या जुन्या चिठ्ठ्या, ज्यांवर वजन लिहिलेलं आहे, आहारतज्ज्ञांचे तक्ते, एचबीएवनसीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) मागचे तीन-चार रिपोर्ट, वजनासाठी औषध किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची चिठ्ठी आणि बिल. हल्ली सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइडची इंजेक्शनं बरेच जण घेतात. ती चालली नाहीत किंवा सोसली नाहीत तर तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्याकडे डॉक्टर तोंडी छान समजावतात, "जेवण कमी करा, फिरा", आणि कागदावर फक्त गोळ्या येतात. सांगितलेलं पथ्य चिठ्ठीवर उतरवा अशी विनंती करायला संकोचू नका.

सर्जनच्या पत्रात काय असायला हवं?

उंची, वजन, बीएमआय, मोजल्याची तारीख. वजन किती वर्षांपासून आहे. सोबतचे आजार, आणि नुसतं "मधुमेह" न लिहिता "एवढ्या औषधांवर असूनही एचबीएवनसी एवढं" असं. माझ्या पहिल्या पत्रात फक्त मधुमेह होता. दुसऱ्यात दोन गोळ्या, इन्सुलिन आणि ९.४ हा आकडा आला. साधे उपाय कोणते, किती काळ केले. कोणतं ऑपरेशन आणि का. आणि "रुग्णाच्या इच्छेनुसार" हे शब्द त्यात नकोत. ते सौजन्याने लिहिले जातात, पण विम्याच्या टेबलावर त्यांचा अर्थ हौस असा होतो.

पॉलिसी घेऊन वर्षच झालंय. मधुमेह फॉर्मवर लिहिला नव्हता. आता?

सध्याच्या नियमानुसार आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्याचा खर्च मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, ऑपरेशनलाही अनेक पॉलिसींत स्वतंत्र दोन-तीन वर्षांची वाट असते. पॉलिसी पोर्ट केली, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेली, असेल तर आधीच्या कंपनीकडे घालवलेला काळ धरला जातो, जुन्या पॉलिसींच्या प्रती जपून ठेवा.

लपवलेल्या मधुमेहाचं मात्र सरळ सांगते. कंपनी जुन्या चिठ्ठ्या मागते, आणि "आठ वर्षांपासून साखर" हे तुम्हीच कुठेतरी डॉक्टरांना सांगितलेलं असतं. सलग ६० महिने पॉलिसी चालली तर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दिली नाही या कारणाने कंपनी दावा अडवू शकत नाही. त्याच्या आत असाल तर आत्ताच कंपनीला लेखी कळवा. पुढचं नूतनीकरण महाग पडेल किंवा प्रतीक्षा वाढेल, पण ऑपरेशनच्या दिवशी पॉलिसीच रद्द होण्यापेक्षा ते बरं. आणि वजन वाढवून दाखवायला खिशात वजनं घालणाऱ्यांचा सल्ला ऐकू नका. भूल देणारे डॉक्टर त्याच वजनावर औषधाचा डोस काढतात.

कॅशलेसचा अर्ज कधी टाकायचा?

नियम सांगतो की कंपनीने कॅशलेसचा (हॉस्पिटलला थेट पैसे देण्याचा) निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी. मे २०२४ चं परिपत्रक आहे, गरज पडली तर विमा डेस्कला आठवण करून द्या. पण हे ठरवून केलेलं ऑपरेशन आहे, घाई कशाला? कंपनी एक क्वेरी काढते, तुम्ही कागद देता, ती दुसरी काढते. ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी फाइल पाठवा. हॉस्पिटल कंपनीच्या यादीत नसेल तरी ॲडमिट होण्याच्या किमान ४८ तास आधी कळवून कॅशलेस मागता येतं.

ऑपरेशनच्या आधी पातळ आहारावर वजन उतरलं आणि बीएमआय ३५ च्या खाली गेला तर?

काठावरच्या लोकांसाठी हा खरा प्रश्न आहे. यकृत लहान व्हावं, सर्जनना जागा मिळावी म्हणून साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. माझ्या उंचीला ३५ ची रेषा ८७.४ किलोवर होती, म्हणजे माझ्या हातात दीड किलोच होता. आमच्या सर्जननी तो आहार सुरू करण्याआधी वजन नोंदवलं, फाइल पाठवली, मंजुरी आल्यावर आहार सुरू केला, आणि "हे वजन ऑपरेशनपूर्व आहारामुळे उतरलं" असं नंतरच्या कागदावर स्पष्ट लिहिलं. तुम्हीही हाच क्रम ठेवायला सांगा. वजन टिकवायला तो आहार चुकवू नका. मोठं यकृत आड आलं तर दुर्बिणीचं ऑपरेशन अवघड होतं.

नकार आला. संपलं का?

नाही. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. कॅशलेसला नकार म्हणजे दाव्याला नकार नव्हे. कागद अपुरे म्हणून कॅशलेस फेटाळलं गेलं तरी पैसे भरून ऑपरेशन करून नंतर दावा मागता येतो, फक्त रक्कम उभी करावी लागते.

नकार लेखी मागा, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ते त्यात असलंच पाहिजे. दावा फेटाळायचा तर कंपनीच्या समितीची संमती लागते, एकट्या अधिकाऱ्याला तो अधिकार नाही. मग ज्या कारणाने नकार दिला तेवढ्याच कारणाला उत्तर द्या. मी पहिल्यांदा रागाच्या भरात चार पानी पत्र लिहिलं होतं. ते फाडलं, आणि तीन ओळी लिहिल्या: उंची चुकीची नोंदली गेली, दुरुस्त कागद जोडला आहे, बीएमआय ३५.६५ आहे, एचबीएवनसीचे चार रिपोर्ट जोडले आहेत. एक क्वेरी आली, उत्तर दिलं, मंजुरी आली.

नाहीच आली, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. सोबत "बीमा भरोसा" पोर्टलवर नोंद किंवा १५५२५५ वर फोन. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी कार्यालय पुण्याला आहे. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते, म्हणून पुण्याच्या फेऱ्यांच्या भीतीने सोडून देऊ नका.

मंजूर झाल्यावर खिशातून किती जातं?

आकडा प्रत्येकाचा वेगळा, पण गळती तीन ठिकाणी होते. पहिली, पॉलिसीत या ऑपरेशनला वेगळी कमाल रक्कम ठरलेली असेल तर. दुसरी, खोलीचं भाडं. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक जात नाही, डॉक्टरांची फी, ओटीचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांवर ही कपात लावता येत नाही, तशी लावली असेल तर विचारा. तिसरी, हातमोजे-मास्कसारख्या न मिळणाऱ्या वस्तू.

आधीच्या तपासण्या, एंडोस्कोपी, टूडी इको यांची बिलं जपा. ॲडमिट होण्याआधीचे ३० किंवा ६० आणि नंतरचे ६० किंवा ९० दिवस बहुतेक पॉलिसींत धरलेले असतात. ते पैसे मागायचे राहून जातात. मी चाळीसगावच्या एका ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांच्याकडे बिलं होती, पण डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. दोन्ही लागतं.

जवळ करावं की नाशिक, मुंबई, सुरतला जावं?

हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन, सोबत आहारतज्ज्ञ आणि रात्री आयसीयू असलेलं ठिकाण, हे पहिलं. अंतर दुसरं. पण नंतर फोन उचलणारं कोण आहे ते आधी विचारा. भुसावळ ते नाशिक अडीचशे किलोमीटर आहे, रात्री दोनला पोट दुखलं तर ते लांब वाटतं. मी जाण्याआधीच जळगावात सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही असलेलं हॉस्पिटल हेरून ठेवलं होतं.

ऑपरेशनमध्ये करतात काय?

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश किंवा थोडा जास्त भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी उरवतात. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही कमी होते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात. मधुमेह जुना असेल किंवा छातीत फार जळजळ असेल तर बरेचदा बायपासकडे कल असतो. निवड सर्जनची.

तंबाखू, गुटखा, बिडी, मिसरी, सगळं निदान दीड महिना आधी बंद. मिसरी लावणाऱ्या बायका ती तंबाखूत धरत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पहिले दिवस कसे असतात? घरी प्रवास कसा करायचा?

त्याच संध्याकाळी उठवून चालवतात. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं यंत्र देतात, ते मनापासून करा. दोन-तीन दिवसांत सोडतात. दुर्बिणीतून पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, तो चालण्याने जातो.

गाडीने निघालात तर तासाभराने थांबून पाच मिनिटं चाला. आम्ही मालेगाव, धुळे, पारोळा असे थांबत आलो. पट्ट्याखाली पोटावर छोटी उशी धरली. रेल्वे सोयीची, डब्यात फिरता येतं.

जेवणाचं नीट सांगा.

वही उलटी केली आणि पुढच्या कोऱ्या पानांवर घोट मोजायला लागले. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत ३० मिली. औषधाच्या बाटलीचं टोपण दोनदा. तेवढं पाणी संपवायला मला खरंच पंधरा मिनिटं लागत.

साधारण क्रम असा: पहिले दोन आठवडे पातळ, म्हणजे गाळलेलं मुगाचं पाणी, पातळ ताक, साय काढलेलं दूध, प्रोटीन पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं गुळगुळीत: घट्ट वरण, कुस्करलेलं पनीर, दह्यात फेटलेलं. मग मऊ: अंडं, शिजवलेली दुधी-गिलके, मऊ मासा. दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं अन्न छोट्या ताटलीत. तुमच्या सर्जनचा तक्ता वेगळा असेल तर तोच पाळा.

प्रोटीन रोज ६० ते ८० ग्रॅम. अंड्यात साधारण ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर घट्ट डाळीत ७. ताटात आधी हेच संपवायचं, मग भाजी, भाकरी शेवटी. पाणी जेवताना नाही. अर्धा तास मागे-पुढे ठेवून, दिवसाला दीड ते दोन लिटर.

आता आपल्या ताटाचं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी दोन महिन्यांनी वरणात चुरून, दोन घास, नीट चावून. शेवभाजीची तर्री आणि शेव वर्षभर तरी मनातून काढा, तेल आणि तिखट दोन्ही जाळतं. वरण-बट्टीतली बट्टी दाट असते, अडकते. अडकलं की छातीत दगड बसल्यासारखं वाटतं, तोंडाला पाणी सुटतं आणि उलटी होते. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) मांडे, उसाचा रस, आमरस हे साखरेचे पदार्थ, बायपास झालेल्यांना तर यांनी धडधड, घाम, जुलाब होऊ शकतात. त्याला डम्पिंग म्हणतात. केळी आपल्याकडे घराघरात, पण सुरुवातीला दोन चकत्या, प्रोटीन झाल्यावर.

घरच्यांना कसं समजवायचं? "एवढंसंच?" म्हणून पाठी लागतात.

माझं ऑपरेशन डिसेंबरचं, म्हणजे भरीत पार्ट्यांचा मोसम. तिसऱ्या आठवड्यात यावलला मामांच्या शेतात सगळे जमले. तूरकाठ्यांवर वांगी भाजलेली, बडगीत (लाकडी उखळात) ठेचलेली मिरची, पातीचा कांदा, कळण्याच्या पुऱ्या. माझ्या हातात स्टीलच्या वाटीत गाळलेलं वरण. मामी तीनदा म्हणाल्या, "इतलंसं जेवस का व माय?" त्या प्रेमानेच म्हणत होत्या. आपल्याकडे वाढणं म्हणजेच माया, आणि ते नाकारणं जड जातं.

मला उपयोगी पडलं ते असं: सासूबाईंना आहारतज्ज्ञांच्या भेटीला सोबत नेलं. आहारतज्ज्ञांनी त्यांच्यासमोर अर्धी वाटी भरून दाखवली आणि सांगितलं, आता यांचं पोट एवढं आहे. त्या दिवसापासून कुणी आग्रह केला की सासूबाईच आडव्या येतात. तुमच्या घरात ज्याच्या शब्दाला वजन आहे त्यालाच न्या. लग्नकार्यात पंगतीला बसण्याऐवजी वाढायला उभं राहिलं तरी चालतं.

कोणत्या त्रासाला वाट पाहायची नाही?

नाडी शांत बसूनही १२० च्या वर राहत असेल, ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, दम लागणं, पाणीही न टिकणं, काळी शौच, एका पोटरीला सूज. यांतलं काहीही असेल तर आधी सर्जनना फोन आणि लगेच हॉस्पिटल. जोडाच्या जागी गळती झाली तर वेळ फार महत्त्वाचा असतो. "ॲसिडिटी असेल" म्हणून गावात दोन दिवस काढू नका. ऑपरेशनचा कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

आणखी एक, हे ठळक लक्षात ठेवा. अनेक दिवस उलट्या होऊन सलाईन लावायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना सांगा की बॅरिएट्रिक ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन म्हणजे बी-१ द्या. ते कमी पडलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मी हे वाक्य चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलं आहे. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, विशेषतः बायपासनंतर अल्सर होतो.

मधुमेह-बीपीच्या गोळ्या?

पहिल्याच आठवड्यात साखर झपाट्याने उतरू शकते. जुन्याच डोसवर राहिलात तर साखर खाली जाऊन चक्कर येईल. रोज मोजा, लिहा, फिजिशियनना कळवा. माझं इन्सुलिन बंद झालं, एक गोळी उरली आहे. स्वतःच्या मनाने मी काही बंद केलं नाही.

व्हिटॅमिनं कायम घ्यायची?

हो, आयुष्यभर. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, कॅल्शियम, लागेल तसं लोह. कॅल्शियम सायट्रेट घ्या, आणि लोहाच्या गोळीत व त्यात दोन तासांचं अंतर ठेवा. रक्ततपासणी पहिल्या वर्षी तीन-चारदा, मग वर्षातून एकदा. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी सहा महिने एक गोळी देतात, ती मधेच सोडू नका. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. माझी वेणी निम्मी झाली होती. प्रोटीन आणि लोह सांभाळलं की परत येतात, मला दहाव्या महिन्यात कपाळाजवळ नवे केस दिसले.

आपल्या उन्हाळ्यात काय करायचं?

जमत असेल तर ऑपरेशन एप्रिल-मेमध्ये नको, हे माझं मत. भुसावळ-जळगावला पारा ४५ वर जातो आणि नवं पोट एका वेळी घोटभरच घेतं. शरीरातलं पाणी कमी होणं हे या ऑपरेशननंतर परत ॲडमिट व्हायचं नेहमीचं कारण आहे. करावंच लागलं तर सकाळी सहापासून मोजून घोट घ्या, लघवी गडद झाली की सावध व्हा. सोडा, थंड पेयांच्या बाटल्या नकोत. पातळ ताक, लिंबू-मीठ-पाणी साखरेशिवाय.

कामावर कधी? पाणी भरायचं असतं, शेतात जायचं असतं.

बसून काम असेल तर दोन-तीन आठवडे. भरलेला हंडा, गव्हाचं पोतं, कापसाचा गठ्ठा, लहान लेकरू, हे दीड महिना उचलायचं नाही, नाहीतर हर्निया. घरात नळ दोन-तीन दिवसाआड येत असेल तर पाणी भरायला माणूस आधीच ठरवा.

उपवास?

पहिलं वर्षभर नकोच. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतं. नवरात्राचे निर्जळी उपवास तर धोक्याचे.

मूल हवं आहे.

बारा ते अठरा महिने थांबा. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस अचानक राहू शकतात, त्यामुळे साधन आधीच ठरवा. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच असं नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

लोंबणाऱ्या कातडीचं ऑपरेशन विम्यात येतं?

बहुतेकदा नाही, ते खरोखरच सौंदर्योपचारात धरतात. घडीत वारंवार जखमा, संसर्ग होत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडून तशा नोंदी ठेवा आणि मागून पाहा.

वजन परत वाढतं का?

थोडं वाढतं. वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं सुरुवातीच्या वजनाच्या पाव भाग किंवा त्याहून थोडं जास्त उतरतं, मग थांबतं, आणि दोन वर्षांनंतर काही किलो परत येऊ शकतात. फरसाण, चिवडा, शेव हे मऊ होऊन सहज उतरतं, पोट भरल्याचं कळत नाही, म्हणून तिथूनच वाढ सुरू होते. वाढलं तर तोंड लपवू नका, फेरतपासणीला जा. मी ८९ वरून ६६ वर आले.

आता रोज काय खाता?

कालचं वहीतलं पान तसंच लिहिते. सकाळी ७: दोन उकडलेली अंडी. ९: पाणी, मल्टिव्हिटॅमिन. ११: साय काढलेल्या दुधात एक चमचा-माप प्रोटीन पावडर. दुपारी १: पन्नास ग्रॅम पनीर, वाटीभर मुगाची घट्ट डाळ, मेथीची भाजी, पाव भाकरी. ४: ताक. संध्याकाळी ६: तापी काठाने चाळीस मिनिटं. ८: दही, गिलक्याची भाजी, पाव भाकरी उरली. ९:३०: कॅल्शियम. प्रोटीन अंदाजे ६२ ग्रॅम, पाणी १.८ लिटर. उपाशीपोटी साखर ११२.